डेलीमेडवर सापडलं म्हणून ते ‘एफडीए मान्य’ होत नाही

डेलीमेडची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची मोफत साइट, त्यावर औषधांची लेबलं, आणि डोसपासून साठवणुकीपर्यंत सगळं एका जागी. फार्मडीचे (औषधशास्त्राच्या डॉक्टर ऑफ फार्मसी पदवीचे) विद्यार्थी, हॉस्पिटलमधले फार्मासिस्ट, औषध माहिती केंद्रातली मंडळी ती रोज वापरतात. ड्रग्ज ॲट एफडीए ही दुसरी साइट, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं (एफडीए) मान्य केलेल्या औषधांची नोंदवही, मात्र फारसं कुणी उघडत नाही. मग प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये, सीएमईच्या (डॉक्टरांच्या निरंतर प्रशिक्षणाच्या) स्लाइडवर, कंपनीच्या माहितीपत्रकात तेच वाक्य पुन्हापुन्हा येतं: ‘हे औषध एफडीए अप्रूव्ह्ड आहे’, आणि खाली लिंक डेलीमेडची. हा पुरावाच नव्हे.

डेलीमेडवर दिसतं ते कंपनीनं एफडीएकडे दाखल केलेलं लेबल. अमेरिकेत औषध विकायचं तर कारखान्याची नोंदणी आणि उत्पादनाची यादीत नोंद करावी लागते, आणि त्या नोंदीबरोबर गेलेलं लेबल इथे झळकतं. एनडीसी, म्हणजे उत्पादनाचा ओळख क्रमांकही त्याच प्रक्रियेत मिळतो. यातल्या कुठल्याही पायरीवर औषध परिणामकारक आहे की नाही हे तपासलं जात नाही. त्यामुळे डेलीमेडवर रीतसर मान्य औषधांच्या शेजारीच होमिओपॅथीच्या गोळ्या असतात, सनस्क्रीन असतं, आणि मान्यतेविना वर्षानुवर्षे विकली जाणारी जुनी औषधंही असतात.

फेनोबार्बिटलच्या गोळ्या घ्या. अपस्मारासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या, डेलीमेडवर त्यांची लेबलं आहेत, पण त्यांच्यामागे एफडीएची मान्यता नाही. 2022 मध्ये मान्यता मिळाली ती नवजात बाळांच्या झटक्यांसाठीच्या एका इंजेक्शनला, गोळ्यांना नव्हे. गाउटवरच्या कोल्चिसीनचंही तसंच: एकट्या कोल्चिसीनच्या गोळ्या अनेक कंपन्या मान्यतेविना विकत होत्या. 2009 मध्ये कोलक्रिस हा कोल्चिसीनचा ब्रँड मान्य झाला तेव्हा गाउटच्या झटक्यासाठी आधी 1.2 मिलिग्रॅम आणि तासाभराने 0.6 मिलिग्रॅम हा कमी डोस अधिकृत लेबलवर आला.

तपासायला दोन मिनिटं लागतात. डेलीमेडवर लेबल उघडा आणि थेट तळाशी ‘इन्ग्रेडियंट्स अँड अपिअरन्स’पर्यंत जा. तिथे ‘मार्केटिंग इन्फर्मेशन’ नावाचा छोटा तक्ता आहे. बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाच नसतो आणि मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. त्यात ‘मार्केटिंग कॅटेगरी’ वाचा. एनडीए (नव्या औषधाचा अर्ज), एएनडीए (जेनेरिकचा अर्ज) किंवा बीएलए (जैविक औषधाचा अर्ज) असेल तर शेजारचा अर्ज क्रमांक घ्या, अक्षरं सोडून नुसते आकडे ड्रग्ज ॲट एफडीएवर टाका. मान्यतेची तारीख, मान्यतेची पत्रं, पुढचे बदल आणि पुष्कळदा एफडीएच्या तज्ज्ञांचे परीक्षण अहवालही मिळतील. कॅटेगरीत ‘अनअप्रूव्ह्ड’ हा शब्द असेल तर विषय तिथेच संपला. ‘ओटीसी मोनोग्राफ’ (चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांची नियमावली) असेल तर ते उत्पादन स्वतंत्रपणे मान्य झालेलं नाही, पण त्या नियमावलीत बसत असेल तर त्याची विक्री कायदेशीर आहे. त्याला ‘अप्रूव्ह्ड’ म्हणू नका, बेकायदाही म्हणू नका.

उलटी चूकही होते: ड्रग्ज ॲट एफडीएवर सापडलं नाही, म्हणून मान्यता नाही. लशी आणि रक्तजन्य उत्पादनं एफडीएच्या वेगळ्या केंद्राच्या अखत्यारीत आहेत, ती तिथे शोधू नका. आणि 1998 च्या आधीच्या मान्यता नोंदलेल्या असल्या तरी त्यांची कागदपत्रं बऱ्याचदा नसतात.

मग रोजच्या कामाला कुठली साइट? डोस, इंटरॅक्शन, मूत्रपिंडाच्या विकारात बदल यांसाठी डेलीमेडच. सुरक्षिततेचे काही बदल कंपनीला एफडीएच्या मंजुरीची वाट न पाहता लेबलवर आणता येतात, त्यामुळे नवा इशारा डेलीमेडवर आधी दिसू शकतो. पण एकाच औषधाची दहा-वीस लेबलं समोर येतात आणि लोक पहिलं उघडून मोकळे होतात. ते बऱ्याचदा रीपॅकेजरचं (दुसऱ्याचं औषध नव्या पॅकिंगमध्ये विकणाऱ्याचं) असतं आणि जुनं असतं. ‘रिव्हाइज्ड’ महिना-वर्ष पाहिल्याशिवाय त्यातली एकही ओळ उतरवून घेऊ नका. शक्य असेल तिथे मूळ ब्रँडचं लेबल घ्या, कारण पेटंटखालचा उपयोग जेनेरिक कंपनी आपल्या लेबलमधून वगळू शकते. रक्तदाब आणि हृदयविकारावरच्या कार्व्हेडिलॉलच्या एका जेनेरिकचं 2007 मध्ये हेच झालं: हृदय निकामी होण्यासाठीचा उपयोग सुरुवातीला लेबलवर नव्हता. तेवढंच वाचणाऱ्याला वाटेल की या औषधाचा तो उपयोगच नाही.

आपल्याकडे आणखी एका गोंधळाची भर पडते. महाराष्ट्रात एफडीए म्हटलं की राज्याचं अन्न व औषध प्रशासन. ते दुकानांचे आणि कारखान्यांचे परवाने पाहतं. नव्या औषधाला भारतात परवानगी देते ती केंद्राची औषध नियंत्रण संस्था, सीडीएससीओ. रुग्णापुढे नुसतं ‘एफडीए’ म्हणणं टाळा, कुठली ते सांगा.

नावांचा घोळ किरकोळ आहे: पॅरासिटामॉल तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल. व्हिल्डाग्लिप्टिन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, डॉम्पेरिडोन, एटोरिकॉक्सिब मात्र कितीही शोधलंत तरी अमेरिकेत मान्य औषध म्हणून सापडणार नाहीत. व्हिल्डाग्लिप्टिनसाठी युरोपियन मेडिसिन्स एजन्सीचं उत्पादन-पत्रक पाहा, बाकीच्यांसाठी ब्रिटनची ईएमसी ही औषध-माहितीची साइट. आपल्याकडची अनेक फिक्स्ड डोस कॉम्बिनेशन्स (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) तर या कुठेच नसतात. तिथे प्रत्येक घटक वेगळा शोधावा लागतो, आणि एकत्र देण्याला आधार आहे का हा प्रश्न तरीही उरतोच.

डॉक्टरांना लेखी उत्तर देताना ‘संदर्भ: डेलीमेड’ एवढंच लिहिणं पुरेसं नाही. कंपनीचं नाव, लेबलचा ‘रिव्हाइज्ड’ महिना-वर्ष, सेट आयडी (डेलीमेडवरचा त्या लेबलचा ओळख क्रमांक) आणि मार्केटिंग कॅटेगरी, चारही लिहा. लेबल बदललं तरी सेट आयडी तोच राहतो आणि जुन्या आवृत्त्या डेलीमेडवरच साठवलेल्या असतात, त्यामुळे सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर तुम्ही नेमकं काय वाचलं होतं ते काढून दाखवता येतं.