डोळे शाबूत, दृष्टी नाही: एका निदानाची पार्श्वभूमी

डोळ्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, मेंदूच्या स्कॅनमध्येही काही नाही, आणि तरीही माणसाला दिसत नाही. अशा रुग्णाच्या मनावर काहीतरी आघात झालेला आढळलाच पाहिजे, त्याशिवाय ‘कन्व्हर्जन डिसऑर्डर’चं (शरीरात दोष न सापडता दृष्टी, हालचाल किंवा संवेदना बिघडण्याचा विकार; जुनं नाव हिस्टेरिया) निदान पुरं होत नाही, अशी अट अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत होती. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत ती काढली गेली. या निर्णयावर आजही दोन तट आहेत.

ही अट वैद्यकाला एकट्याला सुचलेली नाही. कथा-पुराणांत अंधत्व विनाकारण येतच नाही. व्यासांचं उग्र रूप पाहून अंबिका डोळे मिटून घेते, म्हणून धृतराष्ट्र जन्मांध. गांधारी पट्टी बांधते ती आपल्या निश्चयाने. आणि स्त्रीपर्वात त्या पट्टीखालून तिची ओझरती नजर युधिष्ठिराच्या पायाच्या बोटांवर पडते, तेव्हा त्याची नखं काळवंडतात. ग्रीक शोकांतिकेतला राजा सत्य कळल्यावर स्वतःचे डोळे फोडून घेतो. भीती, निष्ठा, कोंडलेला संताप, अपराध, प्रत्येक अंधत्वामागे काही ना काही उभं आहे. वाङ्मय म्हणून हे सारं थोरच. पण त्यातूनच खऱ्या आंधळ्या माणसाकडेही ‘याचं मागच्या जन्मीचं काय असेल’ अशा नजरेने पाहायची सवय लागते, आणि डॉक्टरही याच कथा ऐकत वाढलेला असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधल्या एका मोठ्या रुग्णालयात हिस्टेरियाच्या रुग्णांना सभागृहात सर्वांसमोर उभं करून त्यांची लक्षणं दाखवली जात. नजरेचा परीघ आक्रसणं हे त्यातलं एक ठरलेलं लक्षण. १८९५मध्ये व्हिएन्नातल्या दोन डॉक्टरांनी दडपलेली भावना शरीराच्या लक्षणातून वाट काढते असं मांडलं; त्यांच्यातल्या एकाने १९१०मध्ये मनामुळे दृष्टी जाण्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून डोळ्यांना ओरखडाही नसलेले आंधळे सैनिक परतले आणि या विचाराला बळ आलं.

या निदानाला मोठा धक्का बसला १९६५मध्ये. लंडनच्या एका रुग्णालयात हिस्टेरियाचा शिक्का बसलेल्या ८५ जणांचा काही वर्षांनी माग काढला, तर निम्म्याहून अधिकांना शरीराचा किंवा मज्जासंस्थेचा आजार असल्याचं दिसलं. त्यानंतर कित्येक वर्षं हे निदान देताना डॉक्टर कचरत. ही भीती कितपत खरी होती, याचं उत्तर २००५मध्ये जुने सगळे अभ्यास एकत्र तपासल्यावर मिळालं: चुकीच्या निदानाचं प्रमाण १९५०च्या दशकात २९ टक्के होतं, १९६०च्या दशकात १७ टक्के आणि १९७०पासून पुढे सुमारे ४ टक्के. ही घसरण स्कॅनिंगची यंत्रं सर्वत्र पोचण्याआधीच सुरू झालेली होती, हे विशेष.

मग अट काढली ती का? ती १९८०च्या तिसऱ्या आवृत्तीत होती आणि १९९४च्या चौथीतही टिकली. प्रत्यक्षात तिचा परिणाम असा होई की रुग्णाच्या आयुष्यात दुःख सापडेपर्यंत खोदत राहायचं, आणि दुःख कुणाच्या आयुष्यात नसतं? घरातलं भांडण, नोकरीतला ताण, जुना मृत्यू, काहीही कारण म्हणून चिकटवता येई. ज्याला सांगण्यासारखं काहीच नसे, तो लपवतोय किंवा सोंग करतोय असं ठरे. नव्या निकषांनी तपासणीतल्या ठोस खुणांवर भर दिला. डोळ्यांसमोर मोठा आरसा तिरपा हलवला की पाहणाऱ्याचे डोळे आपोआप त्यामागे सरकतात. काहीच दिसत नाही म्हणणाऱ्याचेही सरकले, तर ती या विकाराची खूण. खरा आक्रसलेला परीघ अंतर वाढलं की रुंदावतो. एक मीटरवर आणि दोन मीटरवर तो तेवढाच राहिला, तर तीही खूण. रुग्ण सोंग करत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारीही डॉक्टरवरून उतरली, कारण ते सिद्ध करण्याचा खात्रीचा मार्ग नाही. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. रुग्णावर विश्वास ठेवण्यासाठी आधी त्याच्याकडून दुःखाचा पुरावा मागणं अन्यायाचं होतं.

विरोधकांचा सर्वांत भक्कम दाखला कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा. १९८०च्या दशकात तिथल्या कंबोडियन निर्वासित बायका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे येऊ लागल्या. बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या. एकूण सुमारे दीडशे. ख्मेर रूज या कट्टर साम्यवादी गटाच्या कंबोडियातल्या राजवटीत, म्हणजे १९७५ ते १९७९ दरम्यान, त्यांच्यापैकी अनेकींनी घरच्यांना डोळ्यांदेखत मारलेलं पाहिलं होतं. डोळ्यांत मात्र दोष सापडेना. त्या राजवटीच्या ताब्यात जिचा काळ जास्त गेला, तिची नजर अधिक अधू, असं अभ्यासात दिसलं. अशा बाईच्या निदानातून तिचा इतिहास वगळायचा कसा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण नव्या निकषांत आघात विचारायला मनाई नाही. त्याची सक्ती तेवढी नाही.

२०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जर्मनीतल्या एका रुग्णाच्या नोंदीने गुंता वाढवला. अपघातानंतर अंध ठरवलेल्या एका स्त्रीत अनेक व्यक्तिमत्त्वं आढळली. उपचारांत त्यांतल्या काहींना दिसू लागलं, काहींना नाही. ‘न दिसणारं’ व्यक्तिमत्त्व पुढे असताना, डोळ्यांनी पाहिलेल्याला मेंदू देतो तो विद्युत प्रतिसादही उमटत नव्हता. हा प्रतिसाद नॉर्मल असणं ही मनोजन्य अंधत्वाची ओळख मानली जाते. ती किती सावधपणे वापरायची, हे या एका उदाहरणाने दाखवलं.

जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या जागतिक रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत दृष्टीच्या या विकाराला मनोविकारांच्या भागात स्वतःचा उपप्रकार आहे. भारतात १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. अंधत्वाची मोजपट्टी ६/६०वरून (निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणं) ३/६०पर्यंत खाली आणली, तीही चष्म्याने शक्य तितकी सुधारणा केल्यानंतर, चांगल्या डोळ्याची. मानसिक आजाराचा प्रकार त्यापासून वेगळा आहे. डोळे शाबूत असलेल्या पण न दिसणाऱ्या माणसाला यांपैकी कुठे धरायचं, हे दोन्ही कायद्यांत लिहिलेलं नाही.