गुडघ्याला काय खाऊ घालावं?

माझी मावशी माळकरी आहे. तिचा मुलगा अमेरिकेहून येताना दर वेळी तिच्या गुडघ्यांसाठी ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची मोठी बाटली आणतो. गेल्या दिवाळीत बाटलीवरची बारीक अक्षरं मी तिला वाचून दाखवली. हे ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून बनवलेलं होतं. मावशीने बाटली बाजूला सरकवली आणि बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण मला बरं वाटत होतं रे. ते खोटं होतं का?"

खोटं नव्हतं. याच प्रश्नाचा छडा लावायला अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. गुडघ्याची झीज झालेल्या १५८३ रुग्णांना २४ आठवडे वेगवेगळ्या गोळ्या दिल्या. कुणाला ग्लुकोसामाइन, कुणाला कॉन्ड्रॉइटिन (सांध्यांसाठीच विकली जाणारी दुसरी गोळी), कुणाला दोन्ही, कुणाला नेहमीचं वेदनाशामक, तर कुणाला औषध नसलेली, फक्त दिसायला तशीच गोळी. ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोकांचं दुखणं निदान पाचव्या हिश्शाने कमी झालं. आकडा चांगला वाटतो. पण नुसती दिसायची गोळी घेणाऱ्यांतही ६० टक्के लोकांना तेवढाच आराम पडला होता! फार दुखणाऱ्यांच्या एका छोट्या गटात दोन्ही गोळ्या मिळून जास्त गुण आलेला दिसला, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही.

झिजेचं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं. माणूस गोळी सुरू करतो ती दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि त्यानंतर ते बहुतेकदा आपसूकच थोडं उतरतं. त्यात मुलाने एवढ्या लांबून प्रेमाने आणलेली गोळी. मावशीला आराम खरोखरच पडला होता, फक्त त्याचं श्रेय कवचांना देता येत नाही.

पायाचं सूप किंवा कोलॅजेन या प्रथिनाची पावडर यांच्याबद्दलही हेच लक्षात ठेवायला हवं. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून ती पोषण घेते आणि तेही स्पंजासारखं : भार पडला की पिळली जाते, भार उतरला की शोषून घेते. म्हणून कूर्चेला चालणं लागतं. खाल्लेलं कोलॅजेन पचनात सुटं होतं, त्यातली अमिनो आम्लं शरीर जिथे गरज असेल तिथे वापरतं. गुडघ्याचा पत्ता त्यांच्यावर लिहिलेला नसतो.

मग ताटातून गुडघ्यापर्यंत पोचतं काय? मुख्यतः वजन. २००५ साली वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या वयस्कर रुग्णांची चाल मोजली. शरीराचं वजन एक किलोने उतरलं, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो, असं त्यांना आढळलं. त्यांच्याच पुढच्या, दीड वर्षं चाललेल्या चाचणीत ४५४ जण होते. ज्यांनी आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळलं, त्यांचं वजन सरासरी दहा किलोंहून जास्त उतरलं, दुखणं कमी झालं आणि चालण्याचा वेगही वाढला. शिवाय चरबी दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते. ज्यांच्यावर शरीराचा भार पडत नाही ते बोटांचे सांधेही लठ्ठ माणसांत जास्त झिजतात, त्याचं एक कारण हे असावं.

आपल्याकडे यात अडचण साबुदाण्याची, फरसाणाची आणि दिवसातून चार वेळा होणाऱ्या गोड चहाची आहे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. पण नुसतं कमी जेवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि गुडघा सावरून धरतो तो मांडीचा स्नायूच. म्हणून भात-पोळी थोडी कमी करून उसळ, घट्ट वरण, दही वाढवायचं.

हळदीवर माझाही जीव आहे. पण तिच्यातला गुणकारी मानला जाणारा घटक, कर्क्युमिन, जेमतेम तीन टक्के आणि ते आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. मिऱ्यातल्या पायपरिनमुळे ते वीसपट शोषलं जातं, हे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं. कर्क्युमिनच्या कॅप्सूलनी गुडघेदुखी थोडी कमी झाल्याचं लहान चाचण्यांत दिसलंय. मात्र अशा तीव्र कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. फोडणीतल्या हळदीची भीती नको, पण कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर नक्कीच.

हे सगळं झिजेबद्दल झालं. सकाळी तासभर बोटं आखडत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. इथे माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा थोडा पण खरा उपयोग दिसलाय. बांगडा, तारली खाणाऱ्यांनी ते जरूर खावेत. जवसाची चटणी चांगलीच, पण जवसातल्या ओमेगा-३ चं माशातल्या प्रकारात रूपांतर शरीर फार कमी करतं. मात्र आहाराच्या भरवशावर औषध लांबवू नका. आमवातात हाडांची कायमची हानी पहिल्या काही महिन्यांतच सुरू होऊ शकते.

युरिक ॲसिडचा रिपोर्ट हातात आला की घरोघरी तूरडाळ आणि पालक बंद होतो, याचं मला फार वाईट वाटतं. ४७ हजार पुरुषांचा बारा वर्षं मागोवा घेणारा अमेरिकन अभ्यास २००४ साली आला. मांस आणि सागरी अन्नाने गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यात साचून होणाऱ्या दुखण्याचा, धोका वाढला. डाळी-पालेभाज्यांनी वाढला नाही आणि दुधाच्या पदार्थांनी तर कमी झाला. सोडायची तर बिअर सोडावी.

आणि दोन दिवसांत सूज उतरवणाऱ्या बिनानावाच्या पुड्या कृपा करून घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

मावशी आता संध्याकाळी लवकर जेवते, खुर्चीत बसून पाय सरळ उचलण्याचा व्यायाम करते. परवा तिचा फोन आला. चार किलो उतरलेत. "म्हणजे पावलागणिक सोळा किलो," तिने स्वतःच हिशेब केला आणि विचारलं, "आळंदी ते पुणे किती पावलं होतात रे?"