पलटणीतला सुतार, पलटणीतला लोहार

सातारा जिल्ह्यात आणि कोकणात काही गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत बसवलेली एक छोटी पाटी अजून पाहायला मिळते. 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून अमुक लोक गेले, त्यांतले अमुक कामी आले, एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. गेलेला माणूस बंदूक घेऊन गेला की करवत, हे तर पाटीवरून कधीच कळत नाही. आपण मात्र ते सगळे बंदूकवालेच होते असं धरून चालतो.

आकडे वेगळं सांगतात. 1919 अखेरपर्यंत हिंदुस्थानातून भरती झालेल्या 14 लाखांहून अधिक लोकांपैकी साडेपाच लाखांवर माणसं लढाऊ फौजेतली नव्हती. खेचरवाले, डोलीवाले, भिस्ती, आचारी, मोची, धोबी, लोहार, खोगीर शिवणारे, मजूर असे हे लोक. यांच्याशिवाय फौजेचं पान हलत नव्हतं, पण सैन्याच्या कागदोपत्री हे सगळे ‘फॉलोअर’, म्हणजे मागून चालणारे. पगार शिपायापेक्षा कमी, पेन्शनच्या बाबतीतही हात आखडता. इराकमधल्या बसऱ्याला ताप आणि कॉलरा मात्र पगार पाहून येत नव्हता.

याच कारागिरांना सैनिकाचा दर्जा मिळाला तो सफरमैना पलटणींत, म्हणजे पूल बांधणाऱ्या, सुरुंग हाताळणाऱ्या ‘सॅपर्स अँड मायनर्स’ पलटणींत. मुंबई इलाख्याची अशी पलटण जुनी. तिचं मूळ 1777 मधल्या पायोनियर लस्करांपर्यंत, म्हणजे फौजेसाठी वाट तयार करणाऱ्यांपर्यंत जातं आणि ‘सॅपर्स अँड मायनर्स’ नावाची पहिली कंपनी 1820 ची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने पुण्याजवळ खडकीला तळ टाकला, तो आजही तिथेच आहे. 1903 मध्ये तिला तीन नंबर मिळाला. मराठे, शीख आणि पंजाबी मुसलमान असे जवान तिच्यात असत. रायफल सगळ्यांनाच शिकायची, पण त्याबरोबर एक धंदाही हातात हवा. कुणी सुतार, कुणी लोहार, कुणी गवंडी. नांगरामागे चाललेल्या पोरालाही खडकीच्या कारखान्यात रंधा मारायला, ओळंबा धरायला शिकवत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. गावगाड्यात जे काम जन्माने वाटून दिलेलं होतं, ते इथे शिकून हाती येत होतं.

या हातांचं काय झालं ते फ्रान्समध्ये दिसलं. 28 ऑक्टोबर 1914 रोजी नव्ह शापेल गाव जर्मनांकडून परत घेण्यासाठी 47 व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या पुढे काढल्या. पायदळ कमी पडत होतं, म्हणून पूल बांधणारी माणसं संगीन लावून घराघरांत लढायला घातली. सुमारे 300 जण गेले, त्यांतले शंभराहून अधिक मारले गेले किंवा जखमी झाले. दोन्ही कंपन्यांचे सगळे गोरे अधिकारी पडले. तयार कारागीर घडवायला वर्षं लागतात. ते एका दिवसात असे खर्ची घालणं ही घोडचूक होती, असंच मला वाटतं.

जे उरले ते पुन्हा आपल्या कामाला लागले. खंदकांच्या लढाईत हातबॉम्ब हवे होते आणि पुरवठा नव्हता. मग जॅमचे रिकामे डबे घेतले. आत स्फोटक, भोवती खिळे आणि लोखंडाचे तुकडे ठासायचे, वर वात, आणि काडी लावून फेकायचं. वात अर्धा बोट कमी पडली तर बॉम्ब हातातच फुटणार.

इराकमध्ये 17 आणि 22 नंबरच्या कंपन्या पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर होत्या. ही डिव्हिजन 7 डिसेंबर 1915 पासून तैग्रिस नदीकाठच्या कुत गावात तुर्कांच्या वेढ्यात कोंडली गेली. तैग्रिसवर बांधलेला होड्यांचा पूल तुर्कांच्या हाती पडू नये म्हणून दोनच दिवसांत तो उडवावा लागला. तोफा पुरेनात तेव्हा विमानाच्या नोम इंजिनचं सिलिंडर काढून त्याची उखळी तोफ केली. धान्य दळायला जात्याचे दगड विमानातून टाकले गेले. 29 एप्रिल 1916 ला कुत शरण गेलं. पुढे हिंदी कैद्यांपैकी अनेकांना रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं आणि त्यांतले कितीतरी परतलेच नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात कारागिराची मागणी कैक पटींनी वाढली. 1939 मधलं सुमारे दोन लाखांचं सैन्य 1945 पर्यंत 25 लाखांवर गेलं, आणि ते मोटारींवर चालणारं होतं. फिटर, टर्नर, वेल्डर, मेकॅनिक कुठून आणायचे? देशभर तांत्रिक शिक्षणाची केंद्रं निघाली. 1941 च्या बेविन योजनेत काही तरुण कारागिरांना थेट इंग्लंडच्या कारखान्यांत धाडलं. युद्धानंतर आपल्या कारखान्यांना हे तयार हात मिळाले.

खडकीच्याच पलटणीत जुलै 1940 मध्ये कारवारजवळच्या चेंडियाचा राम राघोबा राणे भरती झाला. आधी ब्रह्मदेशाची आघाडी पाहिली, पुढे अधिकारी झाला. एप्रिल 1948 मध्ये काश्मीरच्या युद्धात राजौरीच्या वाटेवर जखमी असतानाही त्याने सुरुंग काढले, आडवी पाडलेली झाडं हटवली, आणि रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत वाट मोकळी केली. त्याला परमवीर चक्र मिळालं. सफरमैनाच्या कामाला एवढा मान क्वचितच मिळाला.

बाकीच्यांची नोंदही धड झाली नाही. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं न कोरता पलटणीनुसार फक्त संख्या कोरली होती. ही असमानता युद्धस्मारकांच्या राष्ट्रकुल आयोगाने 2021 च्या अहवालात मान्य केली आणि माफी मागितली. नावं शोधण्याचं काम आता चालू आहे.

घरात पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ हे पदक असेल तर राजाच्या मुखवट्यापेक्षा त्याची कड भिंगाखाली धरून पाहा. शिपायाला ते चांदीचं मिळे, मजूर पलटणीतल्या माणसाला ब्राँझचं. कडेवर इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तिथे तीन नंबरची सफरमैना निघाली, तर तो माणूस खडकीच्या पलटणीतला.