निजलेल्या येशूची चित्रे: सरस, बलक आणि तेल

पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीत घरच्या प्रार्थनेसाठी मरिया आणि बाळ येशू यांची लहान आकाराची चित्रे मोठ्या प्रमाणावर काढली जात. त्यांतल्या काही चित्रांत बाळ गाढ झोपलेले असते आणि आई हात जोडून त्याच्याकडे पाहत असते. क्रुसावरून उतरवलेल्या मुलाचे शव मांडीवर घेतलेली मरिया त्या काळच्या भाविकांच्या चांगल्या परिचयाची होती, त्यामुळे या झोपेतला दुसरा अर्थ त्यांना वेगळा सांगावा लागत नसे. व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयात जोव्हान्नी बेल्लिनीचे १४७५च्या सुमाराचे असे एक चित्र आहे. त्यात मांडीवर आडव्या झोपलेल्या बाळाचा एक हात सैल सुटून खाली लोंबतो. ही झोप किती जिवंत किंवा किती निर्जीव वाटावी, हे रेखाटनाइतकेच रंग कशात कालवला आहे यावरही ठरते.

बेल्लिनीचा मेहुणा आंद्रेआ मान्तेन्या याने हाच विषय तलम कापडावर, प्राण्यांच्या कातड्यापासून काढलेल्या सरसात रंग कालवून हाताळला. सरसाचे प्रमाण कमी असल्याने तो वाळल्यावर रंगाच्या कणांभोवती हवेच्या बारीक पोकळ्या राहतात. कण आणि हवा यांच्या अपवर्तनांकांत (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो याच्या मापात) मोठा फरक असतो, त्यामुळे प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि पृष्ठभाग मऊ, चकाकी नसलेला दिसतो. अशा चित्रावर रोगण (व्हार्निश) चढवले की पोकळ्या भरतात, विखुरणे कमी होते आणि रंग कायमचे गडद पडतात, कारण भिनलेले रोगण पूर्णपणे काढणे जवळजवळ अशक्य असते. मिलानच्या पोल्दी पेत्सोली संग्रहालयातल्या मान्तेन्याच्या चित्रावर एकोणिसाव्या शतकात असे रोगण चढले होते. आईच्या गालाला टेकलेले ते झोपलेले बाळ पुढे कित्येक पिढ्यांनी त्या पिवळट थराआडूनच पाहिले. चित्र ‘उजळ’ करण्याच्या हौसेने केलेले नुकसान कलेच्या इतिहासात काही थोडे नाही.

लाकडी फळीवरच्या जुन्या चित्रांत अंड्याचा बलक वापरत. बलकातले पाणी उडून रंग मिनिटांत वाळतो, त्यामुळे दोन छटा ओल्या असताना एकमेकींत मिसळता येत नाहीत. गालाची गोलाई बारीक समांतर रेघांनीच उभी करावी लागते. मध्य इटलीतल्या टस्कनी प्रांताच्या पद्धतीत त्वचेखाली आधी हिरव्या मातीचा थर देऊन त्यावर सफेदा (पांढरा रंग) आणि लाल रंगाच्या छटा चढवत. वरचे थर झिजले किंवा फिके पडले की खालचा हिरवा रंग डोकावतो, म्हणून अशा चित्रातला निस्तेज चेहरा पाहून तो चित्रकाराचाच हेतू होता, असे एकदम ठरवू नये.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत बेल्लिनीचे सुमारे १५००चे ‘कुरणातली मरिया’ हे चित्र आहे. त्यात अंडे आणि तेल दोन्ही सापडले आहेत. तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावत हळूहळू घट्ट होते, त्यामुळे छटा एकमेकींत विरघळवायला चित्रकाराला सवड मिळते आणि उघड्या अंगावरची सावली कुठे सुरू होते ते कळत नाही. माध्यम ओळखण्यासाठी सुईच्या टोकाएवढा नमुना वायू-वर्णलेखन (गॅस क्रोमॅटोग्राफी) या, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने तपासतात. वाळणाऱ्या तेलात, वाळताना तयार होणारे अॅझेलेइक आम्ल मुळातच असलेल्या पामिटिक आम्लाच्या तुलनेत भरपूर असते, बलकात ते कमी असते.

सतराव्या शतकात सास्सोफेर्रातो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोव्हान्नी बात्तिस्ता साल्वीने (१६०९–१६८५) झोपलेल्या बाळाची चित्रे पुनःपुन्हा रंगवली. त्याची ओळख म्हणजे मरियेच्या झग्याचा निळा रंग. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून मिळे. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या निळ्या रंगातही लाजवर्दच आहे. नुसता दगड कुटला तर करडी भुकटी मिळते, म्हणून १४००च्या सुमारास इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनीने वेगळी कृती लिहून ठेवली. मेण आणि राळ यांच्या गोळ्यात भुकटी मळून तो राखेच्या क्षारयुक्त पाण्यात दाबत राहायचे. निळे कण पाण्यात सुटतात, अशुद्धी बरीचशी गोळ्यात राहते आणि पहिल्या खेपेचा रंग सर्वांत उंची ठरतो. ही निळाई स्फटिकाच्या पिंजऱ्यात अडकलेल्या, तीन गंधक-अणूंच्या ऋणभारित गटामुळे येते. तेलात मात्र हा रंग पारदर्शक आणि जवळजवळ काळपट होतो, कारण तेल आणि रंग या दोघांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखेच, सुमारे १.५ आहेत. उजळ निळा हवा असेल तर त्यात सफेदा मिसळावाच लागतो.

१८२८च्या सुमारास फ्रान्समध्ये जाँ-बातिस्त गिमेने हाच रंग कृत्रिमरीत्या बनवला आणि तो स्वस्त झाला. सास्सोफेर्रातोच्या चित्रांच्या नकला त्या शतकातही भरपूर झाल्या. त्या ओळखताना सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो. नैसर्गिक लाजवर्दाचे कण ओबडधोबड, लहान-मोठे असतात आणि त्यांच्यासोबत दगडातल्याच इतर खनिजांचे, म्हणजे कॅल्साइटचे, कधी पायराइटचे कण आढळतात. कारखान्यातल्या रंगाचे कण बारीक आणि एकसारखे असतात. झग्याच्या मूळ थरात ते सापडले, तर ते चित्र सास्सोफेर्रातोच्या हातचे नाही.