सजगता वेगळी, स्वतःवरचा पहारा वेगळा

'जमेल ना?' या धास्तीने ऐनवेळी ताठरता कशी जाते, हे अनुभवलेल्याला सांगत बसत नाही. अॅड्रेनलिन हे ताणाचं संप्रेरक वाढतं, रक्तवाहिन्या आकसतात, लिंगात रक्त कमी येतं. वैताग येतो तो यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या सल्ल्याचा: 'माइंडफुल, म्हणजे सजग व्हा, शरीराकडे लक्ष द्या.' वाचणारा इमानेइतबारे लक्ष देतो, पण नको तिथे.

अजून ताठ आहे का? मघापेक्षा कमी झालं का? तिच्या लक्षात आलं असेल का? ही सजगता नव्हे, हा पहारा. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी 1970 मध्ये याला प्रेक्षकाची भूमिका म्हटलं होतं: माणूस अंथरुणात असतो आणि त्याच वेळी बाहेर उभा राहून स्वतःला गुणही देत असतो.

दोन्हींतला फरक मनातल्या प्रश्नावरून कळतो. पहारा विचारतो, 'जमतंय का?' सजगता विचारते, 'काय जाणवतंय?' समजा, तळहात जोडीदाराच्या पाठीवर आहे. ऊब, किंचित घाम, श्वासाबरोबर हलणाऱ्या बरगड्या. तेवढ्यात 'गेलं वाटतं' हा विचार येणारच. त्याला हुसकावायचं नाही, त्याच्याशी वाद घालायचा नाही. आला, एवढं टिपायचं आणि पुन्हा तळहाताकडे यायचं. दहादा आला तर दहादा. ताठरता कमी झाली तरी हात थांबवायचा नाही. ती कमी-जास्त होतच असते. आणि 'सजग राहिलो की ताठरता येईल' असा हिशेब मनात ठेवलात, तर तोही पहाराच.

म्हणून मास्टर्स-जॉन्सन पद्धतीत सुरुवातीला संभोग बंद, जननेंद्रियांना स्पर्शही बंद, फक्त बाकीच्या अंगाचा स्पर्श, तोही दोघांनी ठरवून. पास-नापास व्हायला काही उरतच नाही. माझ्या मते यातलं सगळ्यात शहाणपणाचं हेच, आणि झटपट सल्ल्यांतून नेमकं हेच गाळलेलं असतं.

मनात पाढे म्हणणं हे लक्ष उडवणं झालं, त्याने उत्तेजनाही उडते. दीर्घ श्वास चांगलाच, पण तो म्हणजे सजगता नव्हे. सराव एरवी करा. पहिला प्रयोग अंथरुणात नको.

एकटं असताना किंवा सकाळी उठताना ताठरता नीट येत असेल, तर मूळ बहुधा चिंतेत असतं. तेव्हाही येत नसेल, तर आधी डॉक्टर गाठा: मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकाराची ती आगाऊ खूण असू शकते. मित्राच्या सांगण्यावरून ताठरतेची गोळी मात्र घेऊ नका. हृदयासाठी नायट्रेट गटातलं औषध चालू असेल, तर सिल्डेनाफिलने (व्हायाग्रातलं औषध) रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरू शकतो.