व्याज मिळालं, तरी पैसे घटले

2021 च्या एप्रिलमध्ये एखाद्या कामगाराने बोनस आणि भिशीचे मिळून एक लाख रुपये बँकेत वर्षभराच्या एफडीत ठेवले असं धरू. तेव्हा दर पाच टक्क्यांच्या आसपास होता. वर्षाने हातात आले साधारण 1,05,100. त्याच एप्रिल 2022 मध्ये देशातली किरकोळ महागाई होती 7.79 टक्के. म्हणजे आदल्या एप्रिलला लाखात येणाऱ्या वस्तूंना आता 1,07,790 लागत होते. व्याज घेऊनही गडी जवळपास 2,700 रुपयांनी मागेच. व्याजदरातून महागाई वजा केली की उरतो तो वास्तव व्याजदर. इथे तो उणे आहे, आणि पासबुकात तो कुठेच छापलेला नसतो.

महागाई अशी चढली की रिझर्व्ह बँक रेपो दर वाढवते. रेपो म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून थोड्या मुदतीसाठी पैसे मिळतात तो दर. कर्ज महागलं की लोक घर, गाडी, नवं यंत्र पुढे ढकलतात, मागणी थंडावते आणि भाव वाढण्याचा वेग कमी होतो. याला बरेच महिने लागतात. शिवाय 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे सूर्यफूल तेल आणि कच्चं तेल कडाडलं होतं. रेपो वाढवून तेल काही जास्त येत नाही. दर वाढवायचा तो मुख्यतः महागाई इतरत्र पसरू नये म्हणून.

तर 4 मे 2022 ला, ठरलेली बैठक नसताना, रेपो 4 वरून 4.40 टक्के झाला. फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 वर पोचला. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली! ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर बदलावा लागतो. वीस लाखांचं वीस वर्षांचं कर्ज सात टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण 15,500. दर साडेनऊ झाला तर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच 15,833! जुना हप्ता व्याजालाही पुरत नाही, मुद्दल फिटणं तर दूरच. पण 2021 मध्ये तीन वर्षांसाठी केलेली एफडी? ती आपल्या जुन्या दरावरच बसलेली. मोडली तर दंड.

पगाराचं काय? महागाई भत्ता ही मुंबईच्या गिरणगावाची जुनी मागणी. पहिल्या महायुद्धात भाव भडकले, तेव्हा गिरण्यांनी पगारावर ‘युद्ध बोनस’ दिला. 1921 मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने कामगाराच्या घरखर्चाचा निर्देशांक काढायला सुरुवात केली, जुलै 1914 ला 100 धरून. भत्त्यासाठी 1940 साली मोठा संपही झाला. आजचा डीए त्याच वाटेने आलेला. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना तो जानेवारी आणि जुलैपासून वाढतो, म्हणजे भाव आधी वाढतात आणि भत्ता मागून येतो. करोनात तर जानेवारी 2020 ते जून 2021 तो गोठवलाच होता.

आणि ज्यांना डीए हा शब्दच लागू नाही, त्या नाक्यावरच्या, कंत्राटी माणसांचं? केंद्राने 2017 मध्ये सुचवलेली, बंधनकारक नसलेली किमान मजुरीची राष्ट्रीय पातळी दिवसाला 176 रुपये होती, आणि 2023 पर्यंत ती तिथेच राहिली. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तरी सहा वर्षांत त्या 176 रुपयांत जुन्या 131 रुपयांचाच माल येतो.

एवढी रक्कम रोज मिळवणाऱ्याचे पैसे बहुधा एफडीत नसतात, साध्या बचत खात्यात असतात. रेपो अडीच टक्क्यांनी वाढला त्या सगळ्या काळात स्टेट बँकेच्या साध्या बचत खात्याचा व्याजदर 2.70 टक्क्यांवरून हलला नव्हता.