शाळेची सहल, परिसरभेट आणि वर्गातले उपक्रम (महाराष्ट्रातली प्राथमिक शाळा)

दिवाळीची सुट्टी संपली की जानेवारी अखेरपर्यंत कुठल्यातरी एका दिवशी पहाटे पाचला शाळेच्या गेटसमोर एसटी उभी राहते, स्वेटर-कानटोपी घातलेली पोरं झोपाळलेल्या डोळ्यांनी खिडकीसाठी भांडतात आणि बाई तिसऱ्यांदा डोकी मोजतात, याला महाराष्ट्रात सहल म्हणतात. पण प्राथमिक शाळेत म्हणजे पहिली ते पाचवीत पोरांना पुस्तकाबाहेर काढायचे इतरही प्रकार आहेत आणि लोक ते सगळे एकाच नावाने ओळखतात म्हणून आधी फरक सांगितलेला बरा. सहल म्हणजे लांबची, गाडी करून, पैसे भरून. परिसरभेट किंवा क्षेत्रभेट म्हणजे गावातल्या गावात, चालत, फुकटात, आणि बऱ्याचदा मधल्या सुट्टीच्या आत परत. वनभोजन म्हणजे डबे घेऊन नदीकाठच्या देवळात नाहीतर कुणाच्या तरी आमराईत जाऊन जेवणं आणि खेळणं, यात शिकवायचं काही नसतं आणि तेच त्याचं सुख. आणि उपक्रम म्हणजे वर्गात किंवा ग्राउंडवर हाताने काहीतरी करणं.

यातली सगळ्यात गाजणारी गोष्ट सहल असली तरी लहान पोरांना सगळ्यात जास्त शिकवणारी परिसरभेट आहे असं बहुतेक अनुभवी शिक्षक सांगतात आणि ते बरोबरच आहे. पहिली-दुसरीच्या पोराला तीनशे किलोमीटरवरचं लेणं दाखवा, घरी येऊन तो सांगणार बसमध्ये कोण ओकलं आणि माकडाने कुणाचा वडापाव पळवला.

परिसरभेट

तिसरीपासून परिसर अभ्यास हा वेगळा विषय सुरू होतो आणि नावातच परिसर आहे त्यामुळे भेटीचं निमित्त शोधावं लागत नाही. ठरलेल्या जागा म्हणजे पोस्ट ऑफिस, बँक, ग्रामपंचायत, पोलीस ठाणं, दूध डेअरी, रोपवाटिका, कुंभारवाडा, एसटी स्टँड. पोस्टाची भेट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात मस्त होते कारण पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं, शाळेत बसून पोरांनी स्वतःच्याच घरच्या पत्त्यावर पत्र लिहायचं, पोस्टात जाऊन स्वतःच्या हाताने पेटीत टाकायचं, आतमध्ये शिक्का कसा मारतात ते बघायचं आणि मग दोनचार दिवस घरी पोस्टमनची वाट बघायची. पिनकोड सहा आकडी का असतो हे नुसतं सांगून कळत नाही, पण आपलं पत्र शेजारच्या मुलाच्या पत्राआधी आलं की पोरगं स्वतःहून विचारतं. (बऱ्याच पोरांना आपल्या घराचा पूर्ण पत्ता माहीतच नसतो हे त्याच दिवशी कळतं.)

कोल्हापूर, सांगली, सातारा भागात हिवाळ्यात गुऱ्हाळाची भेट ठरलेली. चरकातून रस निघतो, मोठ्या काहिलीत चुलवाणावर उकळतो, वर आलेली मळी काढतात, ती नीट सुटावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, आणि गूळ नेमका कधी तयार झाला हे गुळव्या नुसतं बघून ठरवतो, त्याच्याकडे थर्मामीटर वगैरे काही नसतं. द्रवाचा घन कसा होतो हा धडा इथे डोळ्यासमोर होतो. मात्र उकळत्या काहिलीपासून पोरांना दोरी बांधून लांब ठेवायला लागतं, आणि शेवटी द्रोणात गरम काकवी मिळते त्यामुळे तोवर कुणी हलत नाही.

कुंभारवाड्याचंही तसंच, फक्त भेटीला जायच्या आधी वर्गात मातीकाम झालेलं पाहिजे. आदल्या दिवशी पोरांनी स्वतः पणती करून बघितली आणि ती वाळताना तडकली की मग कुंभारकाकांना प्रश्न विचारले जातात, नाहीतर पोरं नुसती फिरणारं चाक बघत उभी राहतात आणि बाईच सगळे प्रश्न विचारतात. भेटीच्या आधी काय केलं यावरच भेट ठरते.

वर्गातले उपक्रम

हे काही आजचं नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींची नई तालीम मांडली गेली, त्यात हाताच्या उद्योगातून शिकणं हाच गाभा होता. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ ला नूतन बाल शिक्षण संघ काढला होता, पुढे १९४५ ला ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत आल्या, आणि १९५७ पासून हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांवरची मुलं गुरं चारायला जायची म्हणून शाळेत यायची नाहीत, तर यांनी शाळाच कुरणात नेली, तीच कुरणशाळा. गुरं चरतायत आणि पोरं तिथेच पानं, बिया, शंख-शिंपले, दगड घेऊन मोजायला शिकतायत. अंगणवाडी हा शब्द सुद्धा यांच्याच कामातून आला, सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ ला आली तेव्हा हेच नाव देशभर गेलं. आज मुलांना निसर्गात न्या म्हणून जे सांगितलं जातं ते इथे सोय म्हणून, गरज म्हणून आधीच होऊन गेलेलं आहे.

नंतर सरकारी पातळीवर बदल झाला तो २०१० ला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, म्हणजे आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं). आकारिक मध्ये तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प यांना गुण मिळायला लागले, त्यामुळे उपक्रम हा जादा वेळात करायचा प्रकार राहिला नाही. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जायला लागले, तिथला ज्ञानरचनावाद (मूल स्वतः करून शिकतं हा विचार) म्हणजे फरशीवर रंगवलेले तक्ते, गोलात बसलेली पोरं, हातात काड्या-मणी-शब्दपट्ट्या. नंतर कित्येक शाळांनी फरशा रंगवल्या पण पोरं अजून रांगेतच बसतात अशीही उदाहरणं कमी नाहीत. २०२४ पासून आनंददायी शनिवार पण आला, म्हणजे शनिवारी पुस्तकाऐवजी उपक्रम, पहिली ते आठवीसाठी.

साहित्य म्हणाल तर फार काही लागत नाही. चिंचोके (एक बाजू घासून पांढरी केली की फासे तयार), सागरगोटे, शंभर मण्यांची माळ, दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे. हातच्याची बेरीज म्हणजे दहा काड्या झाल्या की गठ्ठा बांधायचा, वजाबाकीत कमी पडलं की गठ्ठा सोडायचा, हे एकदा बोटांनी केलं की हातचा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. भेंडी आडवी कापून ठसेकाम, ओल्या फडक्यात मटकीला मोड आणणं, जुन्या पेपरचं चिकटकाम. खेळांमध्ये 'शिवाजी म्हणतो' (शिवाजी म्हणतो हात वर, आणि शिवाजी म्हणतो न म्हणता सांगितलं तरी जो करेल तो बाद) यासारखा लक्ष देऊन ऐकायला लावणारा दुसरा खेळ नाही, आणि इंग्रजीच्या तासाला त्यातल्या सूचना इंग्रजीत दिल्या की फुकटात इंग्रजी होतं.

सणावारांचे उपक्रम वेगळे. आषाढी एकादशीच्या आधी शाळेची दिंडी, त्यात विठ्ठल-रखुमाई कोण होणार यावरून आयांमध्ये रुसवेफुगवे. गणपतीआधी शाडूच्या मूर्ती, नवरात्रात भोंडला आणि खिरापत ओळखणं, विदर्भात तान्हा पोळा.

बालबाजार

याला कुठे आनंद मेळावा म्हणतात, कुठे बाल आठवडी बाजार. पोरं घरून मेथी, कोथिंबीर, लिंबं, शेवग्याच्या शेंगा, बोरं, चिंचा आणतात, काहीजण भेळ, इडली, ताक असे स्टॉल लावतात, ग्राउंडवर चुन्याच्या फक्कीने चौकोन आखलेले असतात आणि गावातली माणसं गिऱ्हाईक. खेड्यातल्या शाळेत याच्याइतका चांगला गणिताचा तास दुसरा होत नाही. दहाची जुडी, गिऱ्हाईकाने पन्नासची नोट दिली, परत किती? फळ्यावर जो पोरगा हे उदाहरण सोडवू शकत नाही तोच इथे पटकन तीस द्यायचे का चाळीस हे बरोबर सांगतो कारण चुकला तर पैसे त्याचे जातात. आणि उलटंही होतं, वर्गात पहिला येणारा पोरगा सुट्टे नाहीत म्हणून घाबरून जुडी तशीच देऊन टाकतो. बाजार उठायच्या वेळी भाव पाडायचा असतो हे शेतकऱ्याच्या पोरांना कुणी शिकवत नाही.

खरी मजा दुसऱ्या दिवशी वर्गात, जर शिक्षकाने वेळ दिला तर. किती विकलं, घरून आणलेल्या मालाची किंमत धरायची की नाही, नफा म्हणजे नक्की काय, यावर तिसरी-चौथीची पोरं तासभर भांडू शकतात. भेळवाल्याची ३०० रुपयांची विक्री सगळ्यात जास्त असते आणि मग आईने सामानावर किती घातले ते विचारलं की तो गप्प होतो. हल्ली काही पोरं बापाचा क्यूआर कोड छापून स्टॉलवर लावतात. दिसायला भारी दिसतं पण सुट्टे परत द्यायचं गणितच जातं म्हणून लहान वर्गांना फक्त रोख ठेवलेलं चांगलं.

मोठी सहल

कुठे जायचं हे बरंचसं पाठ्यपुस्तकच ठरवतं. चौथीला शिवरायांचा इतिहास असतो म्हणून शिवनेरी, सिंहगड, प्रतापगड, रायगड या जागा पिढ्यान् पिढ्या चालत आल्यात. रायगडला १९९६ पासून रोपवे आहे, नाहीतर दीड हजाराच्या आसपास पायऱ्या, आणि पायऱ्यांनी चढलेली पोरं आयुष्यभर ते सांगतात हा भाग वेगळा. मुंबईत राणीचा बाग, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र (१९८५) आणि नेहरू तारांगण (१९७७). पुण्यात केळकर संग्रहालय, कात्रजचं प्राणीसंग्रहालय, आणि पेशवे पार्कातली १९५६ ची फुलराणी ही छोटी रेल्वे. नागपूरकडे रमण विज्ञान केंद्र, वर्ध्याला सेवाग्राम. कोल्हापूरजवळ कणेरी मठावरचं जुन्या गावाचं पुतळ्यांचं म्युझियम लहान पोरांना फार आवडतं, बारा बलुतेदार तिथे एकाच ठिकाणी दिसतात. सिंधुदुर्गातल्या शाळा गोव्याला जातात.

तारीख धरताना साप्ताहिक सुट्टी बघावी लागते आणि इथेच नवीन शिक्षक फसतात. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, राणीचा बाग आणि कात्रज बुधवारी बंद. रविवार धरला तर गर्दी इतकी की पोरं मोजता मोजता जीव जातो. म्हणून गुरुवार-शुक्रवारला सगळ्या शाळा तुटून पडतात.

गाडी एसटीचीच घ्या असा शिक्षण खात्याचा आग्रह असतो आणि एसटी शैक्षणिक सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत देते, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळांना ती परवडते. तरी वर्गात दोनचार पोरं अशी असतातच ज्यांचे पैसे येत नाहीत. सहल सक्तीची नसते, पण सहलीच्या दिवशी गावात मागे राहिलेल्या पोराला हे सांगून काय उपयोग. बऱ्याच ठिकाणी शिक्षक गुपचूप स्वतःच्या खिशातून भरतात आणि त्या पोराला कळू सुद्धा देत नाहीत.

नियम आधी पण होते पण कडक झाले ते २०१६ नंतर. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले डझनभराहून जास्त विद्यार्थी बुडाले, ती मोठी मुलं होती, पण नियम सगळ्या शाळांना लागले. पालकांचं लेखी संमतीपत्र, आधी परवानगी, मुलींसोबत बाई शिक्षिका, प्रथमोपचार पेटी, पाण्याच्या आणि धोक्याच्या जागांपासून लांब. कागद इतके वाढले की काही शाळांनी सहलच बंद केली, आणि काही शाळा कागद टाळायला आयत्या वॉटरपार्कची पॅकेज सहल काढतात, त्यात शैक्षणिक काय असतं ते त्यांनाच माहीत.

बाकी सहलीचं शास्त्र हे कागदावर नसतं. गाडी लागणारी पोरं पुढच्या सीटवर, बाईंच्या पर्समध्ये आवळासुपारी आणि प्लास्टिकच्या पिशव्या. डब्याला धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, म्हणजे जे दुपारपर्यंत खराब होत नाही ते, दही-भात देऊ नका असं दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी दोघांचा डबा आंबतो. प्रत्येक पोराच्या खिशात चिठ्ठी, तिच्यावर शाळेचं नाव आणि सरांचा नंबर. जोड्या लावायच्या, ज्याची जोडी दिसत नाही त्याने ओरडायचं, हे डोकी मोजण्यापेक्षा जास्त कामाला येतं. खाऊच्या पैशाला मर्यादा घातलेली बरी, नाहीतर गडावर पहिल्याच दुकानात प्लास्टिकची तलवार घेऊन पोरगं उरलेला गड तिच्या धारेकडेच बघत चढतं.

जाताना भेंड्या, गाणी, खिडकीतून हात बाहेर काढू नका. येताना सगळी गाडी झोपलेली. रात्री नऊ-दहाला शाळेसमोर मोटारसायकलींचे हेडलाइट लावून बाप उभे, पोरगं तसंच झोपेत खांद्यावर, चपलेचा एक पाय गाडीतच. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर, आणि आलेल्यांना 'आमची सहल' निबंध, ज्याचं पहिलं वाक्य सगळ्यांचं सारखंच असतं, की आमची सहल पहाटे पाच वाजता निघाली.